मल्ल्याची बातमी वाचायची कशी? आपल्या बेळगावकडच्या माणसांसाठी

एक नोव्हेंबरला आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, कन्नड पेपरात राज्योत्सव आणि मराठी पेपरात काळा दिन, तारीख तीच, गाव तेच. दोन्ही पेपर वाचणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला बातमीत शब्द कसा फिरतो हे कुणी शिकवायला लागत नाही. पण तोच माणूस, किंगफिशर विमान कंपनीचं बँकांचं कर्ज थकवलेल्या विजय मल्ल्याचं काही आलं की जे छापलंय ते तसंच गिळतो, याचं मला लय वाईट वाटतं, म्हणून मी कसं वाचतो ते सांगतो.

आधी शब्द पकडा. २ मार्च २०१६ ला तो देशाबाहेर गेला. आता "पळाला" लिहा, "फरार" लिहा नाहीतर "लंडनला गेले" लिहा, तिन्हीत माणूस वेगळा दिसतो. मुंबईच्या विशेष कोर्टानं त्याला फरार आर्थिक गुन्हेगार ठरवलं ते जानेवारी २०१९ मध्ये, मग मधल्या काळातल्या बातमीत हा शब्द कुणाचा आहे, बँकेचा, तपास यंत्रणेचा का पेपरवाल्याचा स्वतःचा, ते शोधायचं.

फोटोचं सोपं आहे, फोटोवर हात ठेवायचा, बातमी पूर्ण वाचायची, मग हात काढायचा. माझ्याकडं २०१२ चं एक कात्रण आहे, कडा पिवळ्या पडल्यात, बातमी किंगफिशरच्या स्टाफचा पगार थकल्याची आणि फोटो मल्ल्या पार्टीत हसतानाचा. राग बातमीनं येतो का फोटोनं, ते हात ठेवल्यावरच कळतं. बातमी खरीच होती, राग यायलाच पाहिजे होता, पण कशाचा राग आला हे आपल्याला कळायला नको का?

आणि आकडा! इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. थकलेल्या कर्जाचा ९ हजार कोटी हा आकडा सगळ्यांच्या तोंडात बसलाय, त्यात व्याज धरलेलं आहे. जानेवारी २०१७ मध्ये बेंगळूरच्या कर्जवसुली ट्रिब्युनलनं ६,२०३ कोटी आणि वर व्याज वसूल करा म्हणून निकाल दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की त्याच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटी बँकांना परत मिळाले. नुसता पहिला आकडा वाचणारा म्हणतो लुटलं, नुसता शेवटचा वाचणारा म्हणतो बिचाऱ्याकडून दुप्पट घेतले. सोसायटीचं कर्ज काढलेल्या आपल्या शेतकऱ्याला विचारा, मुद्दल किती, व्याज किती आणि कुठल्या तारखेपर्यंतचं, हे तीन प्रश्न तो पहिले विचारेल. तेच वहीत लिहून ठेवायचे.

बातमी देणाऱ्याकडं पैसा कुठनं येतो तेही बघा, २००७ ला सुरू झालेल्या एनडीटीव्ही गुड टाइम्स चॅनेलच्या नावातच किंगफिशरच्या जाहिरातीतलं "गुड टाइम्स" होतं.

जून २०२५ ला त्याचा चार तासांचा पॉडकास्ट आला, फरार म्हणा पण चोर का म्हणता असं तो त्यात म्हणाला. माझा भाचा मोबाईल घेऊन धावतच आला, मामा, माणसाला उगंच बदनाम केलं बघ. मी त्याच्यावर ओरडलो नाही. म्हटलं, ह्याचे चार तास ऐकलास नव्हे, आता पगार न मिळालेल्या एखाद्या इंजिनियरचं, एअर होस्टेसचं बोलणं शोध आणि तेही पूर्ण ऐक. बराच वेळ शोधत बसला, एक व्हिडिओ मिळाला, सहा मिनिटांचा. आम्ही दोघांनी तो दोनदा बघितला.