इन्व्हर्स बरोबर आलाय का? ताळा दोन्ही बाजूंनी करा

कोल्हापूर बसस्थानकावरून रंकाळ्याला रिक्षा केली. हिशोबापुरतं धरू की पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १८. अंतर क्ष असेल तर भाडं फ(क्ष) = ३० + १८(क्ष − १.५), म्हणजेच १८क्ष + ३. आता उलटं विचारू: भाडं माहीत आहे, अंतर किती? आधी ३ वजा करा, मग १८ ने भागा: ग(क्ष) = (क्ष − ३)/१८. हाच फ चा इन्व्हर्स, म्हणजे उत्तरावरून मूळ आकडा परत देणारं उलटं फंक्शन. इथे क्ष म्हणजे भाडं. अक्षर तेच असलं तरी अर्थ बदलतो, आणि अकरावीत पहिला गोंधळ इथेच होतो.

ताळ्यासाठी फ मध्ये क्षच्या जागी अख्खा ग घाला, तोही कंसासकट:
फ(ग(क्ष)) = १८ × (क्ष − ३)/१८ + ३ = क्ष − ३ + ३ = क्ष

मग उलट बाजू:
ग(फ(क्ष)) = ((१८क्ष + ३) − ३)/१८ = १८क्ष/१८ = क्ष

दोन्हीकडे निव्वळ क्ष उरला, म्हणजे इन्व्हर्स बरोबर. समजा घाईत ग(क्ष) = क्ष/१८ − ३ लिहिलं. मग फ(ग(क्ष)) = १८(क्ष/१८ − ३) + ३ = क्ष − ५४ + ३ = क्ष − ५१. हे −५१ कुठून आलं ते बघा: ३ आधी वजा करायचे होते, ते भागाकारानंतर केले. ताळा चुकला की उरलेल्या आकड्यातच चूक सापडते, म्हणून तो खोडू नका.

आता खरी मेख. १ किलोमीटर गेलात तरी ३० रुपयेच. पण ग(३०) = १.५, १ नव्हे. पहिल्या दीड किलोमीटरात सगळ्या अंतरांना एकच भाडं, मग भाड्यावरून अंतर कसं ओळखणार? फंक्शन एकास एक नसेल, म्हणजे दोन वेगळ्या क्षना एकच उत्तर येत असेल, तर इन्व्हर्स नाही. म्हणून फ चं डोमेन (क्षच्या चालणाऱ्या किमती) क्ष ≥ १.५ आणि ग चं क्ष ≥ ३० असं लिहायलाच हवं.

एकाच बाजूने ताळा केला तर कसं फसतं ते वर्गमुळात दिसतं. फ(क्ष) = क्ष², ग(क्ष) = √क्ष घेतलं तर क्ष ≥ ० साठी फ(ग(क्ष)) = क्ष येतं. पण −५ चा वर्ग २५ आणि √२५ = ५. ग(फ(क्ष)) हा क्ष नसून |क्ष|, म्हणजे वजा चिन्ह काढलेला क्ष आहे. फ चं डोमेन क्ष ≥ ० केलं की जोडी जुळते.

अपूर्णांकात मात्र हात जपून चालवा. फ(क्ष) = (२क्ष + १)/(क्ष − ३), ग(क्ष) = (३क्ष + १)/(क्ष − २). फ मध्ये ग घातल्यावर वर-खाली दोन्हीकडे (क्ष − २) ने गुणा:
अंश: २(३क्ष + १) + (क्ष − २) = ७क्ष
छेद: (३क्ष + १) − ३(क्ष − २) = ७
भागाकार क्ष, अट क्ष ≠ २. बहुतेकांचा छेद इथे बिघडतो: −३ ने −२ ला गुणल्यावर +६ ऐवजी −६ लिहितात. उलट बाजू स्वतः करा; तिथली अट क्ष ≠ ३.

आकडा घालून बघणं झटपट होतं: ४ किलोमीटरला ७५ रुपये, ग(७५) = ७२/१८ = ४. चूक पकडायला हे उत्तम, पण सिद्धता म्हणून एक आकडा चालत नाही. आणि फ⁻¹ म्हणजे १/फ नव्हे. ते −१ घातांक नाही, इन्व्हर्सची नुसती खूण आहे.