खालच्या लेन्सवरचं टोपण काढलंय का? टीएलआर हातात घेण्याआधीची तयारी

गेल्या महिन्यात आजोबांचे बारा फोटो काढले. जुना ट्विन लेन्स रिफ्लेक्स (टीएलआर) कॅमेरा, नवाकोरा रोल, खिडकीतून येणारा छान उजेड आणि तासभर खुर्चीत न कुरकुरता बसलेले आजोबा. रोल धुऊन आला तो कोरा. कोरा म्हणजे काचेसारखा आरपार. कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे मात्र ठळक उमटलेले. कडेचे आकडे दिसताहेत म्हणजे धुणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. फिल्मपर्यंत उजेड पोचलाच नव्हता. खालच्या लेन्सवर टोपण होतं. बाराच्या बारा वेळा.

हसायचं ते हसून घ्या, पण या कॅमेऱ्यात हे सहज घडू शकतं. एकाखाली एक दोन लेन्स असतात. वरची तुमच्यासाठी: तिच्यातून आलेलं चित्र आतल्या तिरक्या आरशावरून वरच्या घासलेल्या काचेवर पडतं आणि तुम्ही मान खाली घालून ते बघता. खालची फिल्मसाठी, तिच्यात शटर (क्षणभर उघडणारी झडप) आणि ॲपर्चर (उजेड आत सोडणारं, लहानमोठं होणारं भोक). एकाच लेन्सच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात टोपण राहिलं तर डोळ्यांपुढे अंधार होतो, त्यामुळे विसरायची सोयच नाही. इथे वर सगळं लख्ख दिसत राहतं. मूळचं टोपण दोन्ही लेन्सना मिळून एकच, जोडाचं असतं, ते काढलं की दोन्ही उघडतात. माझ्या कॅमेऱ्याचं ते आधीच्या कुणा मालकाकडे हरवलेलं; दोन सुटी टोपणं आली होती. वरचं काढलं, कारण त्याशिवाय दिसेना. खालचं काढायची आठवण कोण करून देणार?

म्हणून पहिली तयारी: सुटी टोपणं असतील तर दोन्ही एकमेकांना दोऱ्याने बांधा. किंवा खालच्याला टोपण लावूच नका, कॅमेरा फडक्यात गुंडाळून ठेवा. काचेवर थोडी धूळ बसली तर फोटोला फारसं काही होत नाही. टोपण बसलं की काय होतं ते वर सांगितलं.

आता रोल न भरता करायची कामं. ही आदल्या दिवशी करा, निघायच्या वेळी नाही. मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर ठेवा (खटका दाबलेला असेतो ते उघडं राहतं), ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि खटका दाबून ठेवून मागून खालच्या लेन्समधून आरपार बघा. उजेडाचा गोल दिसला पाहिजे. एवढ्या एका बघण्यात टोपण कळतं, काचेवर बुरशीची जाळी धरलीय का ते कळतं, आणि ॲपर्चर थोडं मिटवलं की त्याच्या पात्या तेलकट आहेत का तेही कळतं. मी हे केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मग एकेक वेग तपासा. जलद वेग कानाला नीट कळत नाहीत, पण एक सेकंद, अर्धा सेकंद कळतात. जुन्या कॅमेऱ्यात आतलं वंगण सुकून घट्ट होतं आणि हेच संथ वेग आधी अडकतात. एक सेकंदाचा वेग तीन सेकंद रेंगाळला, किंवा शटर उघडून तसंच राहिलं, तर दुरुस्तीला द्या. तोवर १/६०च्या पुढचे वेग वापरून बघायला हरकत नाही. फार जुन्या शटरवर आकडे १, २, ५, १०, २५, ५०, १०० असे असतात. घाबरू नका, जवळचा आकडा धरा. १/५०० हवा असेल तर बहुतेक जुन्या शटरवर तो कॉक करण्याआधी, म्हणजे शटरची स्प्रिंग ताणण्याआधी, लावायचा असतो. कॉक केल्यावर जोर लावून चकती फिरवाल तर आतली स्प्रिंग जाईल. सेल्फ टायमरला हात लावू नका. का, ते विचारू नका. साठ वर्षांपूर्वीचा टायमर अर्ध्यात अडकला की शटरच अडकून बसतं.

फोकस तपासायची एक युक्ती आहे. मागे जिथे फिल्म सपाट बसते त्या कडांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा घट्ट ताणून चिकटवा, शटर ‘बी’वर उघडं ठेवा, आणि वरच्या काचेवर जे नेमकं फोकसमध्ये आहे ते खालच्या कागदावरही तेवढंच स्पष्ट आहे का ते बघा. बहुतेक टीएलआरमध्ये दोन्ही लेन्स एकाच पाटीवर बसवलेल्या असतात आणि एकत्रच पुढेमागे होतात, पण मध्ये कुणी उघडून परत जोडताना थोडं चुकवलं असेल तर वर चित्र धारदार आणि फिल्मवर धूसर. पुन्हा तोच प्रकार: वरची लेन्स तुम्हाला काहीही दाखवेल, फोटो खालची काढते. मिनोल्टा ऑटोकॉर्ड असेल तर फोकसची खालची दांडी जड लागताच थांबा. ती तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे.

रोल. १२० नंबरचा, ६×६ सेंटिमीटरच्या बारा फ्रेम. त्याच रुंदीचा पण दुप्पट लांब २२० आता क्वचितच मिळतो. पण काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ यशिका मॅट १२४जीमध्ये, मागच्या दाबपट्टीला १२० आणि २२० अशा दोन जागा असतात, ती १२०वर आहे ना ते बघा. सावलीत भरा. रिकामी रीळ गुंडाळण्याच्या बाजूला, नवा रोल दुसऱ्या बाजूला. बहुतेक टीएलआरमध्ये नवा रोल खाली आणि रिकामी रीळ वर, ऑटोकॉर्डमध्ये उलट. कागदाची जीभ रिळीच्या खाचेत सरळ सरकवा, तिरकी गेली तर कडा दुमडत जातात आणि उजेड शिरतो. दोनेक वेढे घट्ट बसू द्या. मग कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांसमोर येईपर्यंत हळूहळू फिरवा, आणि नेमका समोर आला की झाकण बंद. बाण ठिपक्यांच्या अलीकडेच असताना झाकण लावलं तर पहिली फ्रेम कोऱ्या कागदावर पडेल. पलीकडे गेला तर शेवटची फ्रेम फिल्मच्या टोकावरून घसरेल. १९३७च्या रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये मात्र बाणाची भानगडच नाही: कागद दोन बारीक रुळांच्या मधून घालायचा, फिल्म सुरू झाली की वाढलेल्या जाडीवरून यंत्र आपोआप मोजायला लागतं. रुळांवरून नेलात तर मोजणी सुरूच होत नाही आणि सगळा रोल एका दमात पलीकडे जातो. ल्युबिटेलसारख्या साध्या कॅमेऱ्यात मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत फिरवायचं. खिडकीला सरकतं झाकण असेल तर आकडा बघून झाल्यावर ते लावा. आजच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो.

फिल्म पुढे न्यायला बाजूला क्रँक (फिरवायची दांडी) असेल तर पुढे अडेपर्यंत, मग उलट अडेपर्यंत. अर्धवट सोडू नका. ल्युबिटेलमध्ये शटर वेगळं कॉक करावं लागतं आणि फिल्म पुढे नेली की नाही हे यंत्र विचारत नाही, एकाच फ्रेमवर दोन फोटो सहज पडतात. फोटो काढला की लगेच फिल्म पुढे न्यायची सवय लावा.

झाकण बंद झालं. आता मागून आरपार बघता येत नाही. म्हणून या क्षणी कॅमेरा उलटा फिरवून त्याच्या तोंडाकडे बघा. खालची लेन्स. टोपण? बोट? पट्टा? हे मी आता मोठ्याने म्हणतो, लोक बघतात, बघू देत.

उजेड मोजणं. जुन्या कॅमेऱ्यातल्या मीटरवर विसंबू नका. १२४जीचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेलं आहे आणि ती बॅटरी आता मिळत नाही. तिच्या जागी १.५ व्होल्टची घातली की काटा भलतंच सांगतो. फोनवरचं मीटर पुरेसं आहे. नसेल तर साधा हिशेब: कडक उन्हात ॲपर्चर एफ १६ (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे डब्यावर लिहिलेल्या संवेदनक्षमतेच्या आकड्याच्या, जवळचा. आयएसओ ४००ला १/५००, १००ला १/१२५. हलके ढग आले तर एफ ११, ढगाळ असेल तर एफ ८, आभाळ गच्च भरलं तर एफ ५.६. घरात खिडकीजवळ मात्र मोजाच, अंदाज चालत नाही. फिल्टर लावायचा तर खालच्या लेन्सवर, हूडही तिथेच. वरच्या लेन्सवर पिवळा फिल्टर लावून सगळं पिवळं दिसतंय म्हणून खूश झालेला माणूस मी पाहिलाय. (मी नव्हे. माझ्या खात्यावर टोपण पुरेसं आहे.)

फ्लॅश वापरणार असाल तर खटक्याजवळची एम, एक्स, व्ही अशी छोटी पट्टी बघा. आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला एक्स. एमवर आधी फ्लॅश पेटतो आणि शटर थोडं थांबून उघडतं, कारण जुन्या बल्बला पूर्ण प्रखर व्हायला वेळ लागायचा. तेवढ्यात तुमचा फ्लॅश पेटून विझलेला असतो. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. त्याबद्दल सांगून झालंय.

बघायचा सराव रोलशिवायच करा, घरात, दहा मिनिटं रोज. वरच्या काचेवर चित्र सुलटं असतं पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. माणूस फ्रेमच्या डावीकडून बाहेर जात असेल तर हात आपोआप उलट्या दिशेला वळतो आणि माणूस पूर्ण गायब. आठवडाभरात हात शिकतो. चालत्या माणसाचे फोटो पहिल्या रोलवर काढू नका, उगाच चिडचिड होते. बाजूच्या झडपा वर करा, आतलं भिंग उघडा, फोकस नेहमी भिंगातूनच. फ्रेम मात्र भिंग मिटून, पूर्ण काच बघून ठरवा.

आता वरच्या लेन्सची उरलेली दोन खोटी. एक: तिला ॲपर्चर नसतं, ती कायम पूर्ण उघडी. मागची भिंत तिथे सुंदर धूसर दिसते, पण तुम्ही एफ ११ लावलंय, तर फिल्मवर ती भिंत आणि भिंतीवरचं कॅलेंडर बऱ्यापैकी स्पष्ट येणार. पुढेमागे किती अंतरापर्यंतचं स्पष्ट येईल ते सांगणारी मोजपट्टी फोकसच्या चकतीवर असते, ती वाचा. दोन: ती खालच्या लेन्सच्या चार-पाच सेंटिमीटर वर आहे. दूरच्या गोष्टीला फरक पडत नाही, पण मीटरभर अंतरावरच्या चेहऱ्याला पडतो: वरून दिसलेलं कपाळ खाली कापलं जातं. रोलायफ्लेक्समध्ये फोकसबरोबर आतली चौकट सरकते आणि हे सांभाळून घेते. ही सोय नसलेल्यांत डोक्यावर जागा जास्त सोडा, किंवा ट्रायपॉडवर फ्रेम ठरवून झाली की कॅमेरा तेवढाच वर उचला, म्हणजे खालची लेन्स नेमकी वरचीच्या जागी येते. क्लोजअपच्या जोडलेन्स मिळतात त्यांतली वरच्या लेन्सची वेगळी असते, तिच्यात हाच फरक भरून काढणारा प्रिझम असतो. त्यांची अदलाबदल करू नका.

पकडणं: पट्टा गळ्यात, खाली ओढून ताणलेला, कोपरं अंगाशी. खटका दाबायचा तो हळू. आरसा हलत नाही, धक्का बसत नाही, त्यामुळे १/६० आरामात जमतो, कधी १/३०ही. डाव्या हाताची बोटं खालून कॅमेरा धरताना वर सरकतात. कुठे सरकतात? खालच्या लेन्ससमोर. आणि वरून काय दिसतं? काहीच नाही, सगळं छान दिसतं.

फोटो काढताना दर विश्रांतीनंतर कॅमेऱ्याचं तोंड स्वतःकडे फिरवून बघा. चहाला उठलात, टोपण लावलंत, परत आलात, वरचं काढलंत... कळलं ना.

बारा झाल्या की ताण सुटेपर्यंत फिरवा. सावलीत उघडा. रोल ढिला पडू देऊ नका, पट्टी ओली करून चिकटवा, वर आयएसओ लिहा. रिकामी झालेली रीळ दुसऱ्या बाजूला हलवा, पुढच्या वेळी शोधाशोध नको. धुवायला लवकर द्या. बाकी साफसफाई, पुसणं वगैरे तुम्हाला माहीत आहे.

आजोबा येत्या रविवारी पुन्हा बसायला तयार झालेत. दोन्ही टोपणं मी आत्ताच टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलंय.