ईसीयूची चिप काढताना घाई नको

एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. आपल्याला जाणवणारा तो चटका साधारण ३,००० व्होल्टचा; चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला मरते, तेही गुपचूप. म्हणून जुन्या गाडीच्या ईसीयूतली (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधली) सॉकेटवाली, म्हणजे डाग न देता खाचेत नुसती खोचलेली चिप बदलायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, १५ मिनिटं थांबा आणि अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा अर्थिंगचा पट्टा मनगटाला बांधा.

चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती कुठल्या बाजूला आहे, त्याचा आधी फोटो काढा. उलटी बसवलेली चिप चावी फिरवताच जळू शकते. स्क्रू ड्रायव्हरने एकाच बाजूने उचकटलं की पाय वाकलेच समजा. दोन्ही टोकं आळीपाळीने केसभर केसभर उचला. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

नव्या चिपचे पाय थोडे फाकलेले असतात. टेबलावर आडवी धरून हलकेच दाबून ते सरळ करा, मग टॉर्चच्या उजेडात प्रत्येक पाय भोकासमोर आलाय का बघूनच बसवा. चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असेल तर तिच्यावरचं स्टिकर काढू नका, उन्हाने आतला प्रोग्राम पुसला जाऊ शकतो. जुनी चिप काळ्या अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साठू न देणाऱ्या) फोममध्ये जपून ठेवा, थर्माकोलमध्ये अजिबात नाही.