कुरआन आणि तोराह शेजारी ठेवून कसे वाचावे

कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे १८६७चे सिनेगॉग, पुण्यात बहुतेकांनी येता-जाता पाहिलेले असते. पण ज्यूंच्या ग्रंथांविषयी इस्लामचे म्हणणे काय, असे विचारले की एकच उत्तर येते: ‘ते ग्रंथ बदललेत, असे मुसलमान मानतात.’ एवढ्यावर थांबणे अन्यायाचे आहे. कुरआनचे मराठी भाषांतर आणि मराठी बायबल घेऊन बसा. बायबलची पहिली पाच पुस्तके म्हणजे तोराह.

आधी कुरआनची पाचवी सूरा, म्हणजे पाचवा अध्याय, उघडा. तोराह अल्लाहनेच उतरवली, तिच्यात मार्गदर्शन आणि प्रकाश आहे, असे ४४वी आयत, म्हणजे ४४वे वचन, सांगते. पुढच्याच आयतीतला ‘जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा’ हा नियम तोराहमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायाशी ताडून पाहा. ४८वी आयत सावकाश वाचा: कुरआन आधीच्या ग्रंथाला खरे ठरवतो आणि त्याच्यावर देखरेखही करतो. ही दोन्ही विधाने एकत्र धरली नाहीत तर पुढचे काहीच नीट लागत नाही.

मग ग्रंथ बदलल्याच्या आरोपाच्या आयती घ्या: २:७५ (दुसरी सूरा, ७५वी आयत), ४:४६, ५:१३. बदल नेमका कशात झाला, यावर मुस्लिम विद्वानांतच मतभेद आहेत. अकराव्या शतकातला कॉर्दोबाचा इब्न हझ्म मूळ मजकूरच बिघडला असे ठासून मांडतो. मजकुरापेक्षा अर्थ वाकवला गेला, असे मानणारेही होऊन गेले.

सर्वांत जास्त वेळ यूसुफला, म्हणजे बायबलमधल्या योसेफाला, द्या. बारावी सूरा आणि तोराहमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचे अध्याय ३७ ते ५० ओळीने वाचा. उत्पत्तीत योसेफाचा रक्ताने माखलेला झगा पाहून त्याचा बाप याकोब मुलगा गेला असे समजतो. कुरआनात याकूब मुलांच्या सांगण्यावर विश्वासच ठेवत नाही. उत्पत्तीत योसेफाचे वस्त्र त्याच्यावर खोटा आळ घेणाऱ्या मालकिणीच्या हाती राहते आणि त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. कुरआनात सदरा मागून फाटलेला असतो, म्हणून तो निर्दोष ठरतो. असे फरक वहीत टिपून ठेवा, लगेच निकाल देऊ नका. बुखारींच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनाच्या नोंदीत, पैगंबरांनीही हेच सांगितले आहे: ग्रंथधारकांचे (ज्यू आणि ख्रिस्ती लोकांचे) म्हणणे खरेही मानू नका, खोटेही ठरवू नका.

एक अडचण हमखास येते. एका माणसाची हत्या म्हणजे साऱ्या मानवजातीची हत्या, हे इस्रायलच्या वंशजांना सांगितले होते, असे ५:३२ म्हणते. ते पाच पुस्तकांत सापडणार नाही. त्यासाठी मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहातला सनहेद्रिन हा भाग पाहा, चौथा अध्याय.