मधमाश्या मोजायला तुरीचे दाणे

शाळेच्या परसबागेत पोरांना मधमाश्या मोजायला सांगितलं की वहीत बघताबघता माशी उडून जाते, आकडा चुकतो. आम्ही पेन-वही बंदच केली.

१. प्रत्येकाला घरून तूर, हरभरा आणि सरकीचे मूठभर दाणे आणायला सांगा.
२. दोघांत एकच झाड द्या: तुळस, झेंडू किंवा कुंपणाजवळची तूर. हातभर लांब बसायचं, सावली फुलांवर पडू द्यायची नाही.
३. पाच मिनिटं. मधमाशी फुलावर बसली की तुरीचा दाणा वाटीत, फुलपाखराला हरभरा, भुंगा-माशी काहीही असो, सरकी.
४. वाट्या मोजून आकडे फळ्यावर.

ऊन चढल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास बसवा. ढगाळ दिवशी वाट्या रिकाम्याच राहतात. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, नाहीतर मोजणार काय? दिवाळीनंतर तूर फुलते, तेव्हा काळे भुंगे इतके येतात की सरकी पुरत नाही.

एक मात्र पाहा: पेरणीच्या पाकिटातली रंगीत सरकी अजिबात नको, तिला औषध चोळलेलं असतं. घरच्या कापसातली काढलेलीच घ्या, तरी शेवटी पोरांना साबणाने हात धुवायला लावा.