कापसाचे अनुदान खात्यावर जमा होण्यासाठी काय करावे

राज्य शासनाने 2023 च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना अर्थसाहाय्य दिले, तेव्हा 0.20 हेक्टरपर्यंतच्या क्षेत्राला सरसकट 1,000 रुपये आणि त्याहून अधिक क्षेत्राला दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी 5,000 रुपये असा दर होता. पेरा 1.20 हेक्टर असेल तर 6,000 रुपये आणि कितीही मोठा असला तरी 10,000 रुपये, असा हा सरळ हिशेब आहे. मात्र हे क्षेत्र कागदावरून मोजले जाते, म्हणून पुढच्या अशा योजनेची तयारी पेरणीनंतर लगेच सुरू करावी.

सर्वांत आधी ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची सरकारी नोंद, करावी. मोबाइल ॲपमध्ये खाते आणि गट क्रमांक निवडून, प्रत्यक्ष शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. घरी बसून किंवा धुऱ्यापासून लांब राहून हे काम होत नाही. विदर्भात कापसाच्या ओळींमध्ये तुरीचे तास असतात आणि चूक नेमकी येथेच होते. अशा वेळी मिश्र पीक हा पर्याय निवडून कापूस आणि तूर यांचे क्षेत्र वेगवेगळे भरावे. तीन एकर म्हणजे सुमारे 1.20 हेक्टर, एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात भरला की पुढे दुरुस्तीसाठी हेलपाटे ठरलेलेच. नोंद चुकली असेल तर 48 तासांच्या आत ॲपमध्येच बदल करता येतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी भरलेली माहिती पुन्हा एकदा वाचून पाहावी आणि काही दिवसांनी गाव नमुना 12 वर, म्हणजे सातबाऱ्यातील पीक नोंदीच्या भागात, कापूस उमटला आहे, याची खात्री करून घ्यावी.

दुसरे काम बँकेचे आहे, आणि माझ्या मते अधिक माणसे येथेच अडकतात. पासबुकाला आधार जोडलेले असणे वेगळे आणि थेट लाभ हस्तांतरासाठी खाते आधारशी संलग्न असणे वेगळे. शासनाची रक्कम, आधारशी शेवटी संलग्न झालेल्या खात्यात जाते. ते खाते कधीतरी उघडून विसरलेले जनधन खातेही असू शकते. आधारच्या संकेतस्थळावर बँक संलग्नतेची स्थिती पाहावी आणि तेथे चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत संमती अर्ज भरून द्यावा.

एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. तो नसेल तर सेतू केंद्रात काढून घ्यावा.

सातबारा सामायिक असेल तर ज्याच्या खात्यावर रक्कम हवी, त्याच्या नावे इतर खातेदारांचे ना हरकत पत्र लागते. 2023 च्या अनुदानासाठी ते आधारच्या संमतीपत्रासह कृषी सहायकांकडे द्यावे लागले होते. बहिणी सासरी आणि एखादा भाऊ पुण्यात कामाला असला की या एका कागदासाठी महिना जातो, त्यामुळे दिवाळीत सगळे घरी जमतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवाव्यात.

एवढे करूनही रक्कम आली नाही, तर ‘यादीत नाव आहे का’ एवढेच विचारून परत फिरू नये. नाव यादीत नसेल तर पीक नोंदीची प्रत घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. नाव असून रक्कम परत गेली असेल तर तिचे कारण मागून घ्यावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.