एंडोस्कोपी नाकातून की तोंडातून? त्रास कमी व्हायला काय करायचं

पोटाची एंडोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतून तपासणी, सांगितली की बहुतेकांच्या डोक्यात एकच येतं, नळी गिळताना उमासे आले तर, श्वास अडकला तर. मग तारीख पुढे जाते, चतुर्थी होऊ दे, मग गावची जत्रा होऊ दे, आणि तोवर पँटोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, चालूच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यातला बराचसा त्रास कमी करता येतो, फक्त त्याबद्दल तारीख घेतानाच बोलावं लागतं, टेबलावर आडवं झाल्यावर नाही.

आधी श्वासाचं. नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिका वेगळी, त्यामुळे नळी आत असतानाही श्वास चालू राहतो. घुसमटल्यासारखं वाटतं ते उमाशांमुळे. जिभेचं मूळ, टाळूचा मागचा मऊ भाग आणि घशाची मागची भिंत इथे काही टेकलं की शरीर ते बाहेर ढकलतं. तोंडातून जाणारी नळी साधारण 9 ते 10 मिलीमीटर जाड असते आणि ती जिभेच्या मुळावरूनच जाते. नाकातली 5 ते 6 मिलीमीटरची, ती टाळूच्या मागून खाली उतरते, जिभेला लागतच नाही. म्हणून उमासे बरेच कमी, तोंड मोकळं, डॉक्टरांशी बोलताही येतं, "थांबा जरा" म्हणता येतं, आणि घाबरणाऱ्या माणसाला तेवढ्यानेच केवढा धीर येतो. जपानमध्ये ही पद्धत चांगलीच रुळली आहे.

पण नाकातून म्हणजे सगळ्यांसाठी बरी असं नाही. नाकात दाब जाणवतो, थोडं दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं, काहींचा घोळणा फुटतो, बहुतेक वेळा तो आपोआप थांबतो. नाकाचं हाड वाकडं असेल, आत मांस वाढलेलं असेल, मार्गच अरुंद असेल तर नळी जात नाही आणि मग तोंडातूनच करावी लागते. पावसाळ्यात सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर तेही आधी सांगा. बारीक नळीतून तपासणीपुरती बायोप्सी, म्हणजे आतला बारीकसा तुकडा, घेता येते पण तिची ओढून घेण्याची ताकद कमी, म्हणून रक्तस्राव थांबवायचा असेल, फुगलेल्या शिरांना बँड लावायचे असतील तर तोंडातलीच जाड नळी लागते, तिथे हट्ट करू नका.

ही बारीक नळी सगळीकडे नसते. गोव्यात बांबोळीला जीएमसीत (सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात) करा किंवा मडगाव-म्हापशाला खाजगीत, नंबर लावतानाच विचारा की नाकातून होते का, आणि तोंडातून असेल तर झोपेचं इंजेक्शन देता का. इंजेक्शनची लाज वाटून घेऊ नका! मिडाझोलामने गुंगी येते, बऱ्याच जणांना नंतर फारसं आठवतही नाही. माझी मावशी नाकातून नकोच म्हणाली, इंजेक्शन घेऊन तोंडातून केली आणि शांतपणे झाली, तिच्यासाठी तेच योग्य होतं. मात्र इंजेक्शन घेतलं तर 24 तास गाडी-स्कूटर चालवायची नाही, सोबत घरचं कोणीतरी हवंच. नाकातून किंवा घसा बधिर करणाऱ्या नुसत्या स्प्रेवर केली तर गुंगी नसते, एकट्याने बसने घरी जाता येतं, लांब पेडणे-काणकोणहून येणाऱ्यांना हा मोठा फरक पडतो.

आदल्या रात्री लवकर आणि हलकं जेवा, पेज चालेल, शागुती-पाव नको. पोट 6 ते 8 तास रिकामं हवं, साधं पाणी साधारण 2 तास आधीपर्यंत चालतं पण तिथे जे सांगतील तेच पाळा, कारण पोटात अन्न असेल तर नीट दिसत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जायचा धोका असतो. शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, यांचं डॉक्टरांनाच विचारा, स्टेंट घातलेल्यांनी तर मनाने काहीच बंद करू नये. दाताच्या डॉक्टरकडे बधिर करायच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला असेल तर तेही सांगा, कारण इथेही लिग्नोकेनच वापरतात. कवळी असेल तर काढून ठेवायची.

तोंडातून करताना घशात स्प्रे मारतात, कडू लागतो, मग घसा जाड झाल्यासारखा होतो आणि गिळता येत नाही असं वाटतं, पण गिळलं जातं, घाबरू नका. नाकासाठी आधी नाक मोकळं करणारं औषध आणि बधिर करणारी जेली, तिला काम करायला वेळ लागतो, घाई करतायत असं वाटलं तर सरळ सांगा. मग डाव्या कुशीवर. सगळ्यात महत्त्वाचं आता, खांदे सैल सोडा, श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, डोळे उघडे ठेवून एका जागी बघत राहा, डोळे मिटले की सगळं लक्ष घशात जातं. लाळ गिळू नका, बाहेर वाहू द्या, खाली कापड असतंच. "गिळा" म्हणतील तेव्हा एकदाच गिळा, तो क्षण अवघड, त्यानंतर बरंच सोपं होतं. आत हवा भरतात त्याने पोट फुगल्यासारखं वाटतं. बायोप्सीचा चिमटा कळतही नाही. नुसती तपासणी असेल तर बहुतेक वेळा 5-10 मिनिटांचं काम.

झाल्यावर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण अर्धा ते एक तास, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागतो. मग आधी घोटभर पाणी, ते नीट गेलं की मऊ भात. नाकातून केली असेल तर त्या दिवशी नाक जोरात शिंकरू नका. घसा एक-दोन दिवस खवखवतो, ढेकर येतात, ते चालायचंच. पण छातीत किंवा पोटात जोरात दुखायला लागलं, ताप आला, रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा किंवा सरळ कॅज्युअल्टीत जा आणि एंडोस्कोपी कधी झाली ते पहिल्यांदा सांगा.